सुपरपॉवरवाल्या ओपन-वर्ल्ड गेम्स: साताऱ्यातल्या आमच्या पार्लरमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजवाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमचं छोटं गेमिंग पार्लर आहे. संध्याकाळी बहुतेक मुलं फुटबॉल नाहीतर गाड्यांची रेस लावतात. कोपऱ्यातल्या एका टीव्हीवर मात्र एकट्यानं खेळायचे गेम चालतात, आणि तिथे सर्वांत जास्त मागणी असते ती उड्या मारत, झुलत, भिंतीवरून पळत शहर पालथं घालणाऱ्या हिरोंना. मुलांना घ्यायला आलेले आईवडील तो टीव्ही बघतात आणि हमखास काहीतरी विचारतात. मुलांचे प्रश्न वेगळे असतात. दोघांचेही इथे एकत्र घेतले आहेत.

ओपन-वर्ल्ड म्हणजे नक्की काय? आणि त्यात सुपरपॉवर आल्यानं काय बदलतं?

ओपन-वर्ल्ड गेममध्ये एक सलग शहर किंवा प्रदेश असतो आणि त्यात कधी, कुठे, कशाच्या मागे जायचं हे खेळणारा ठरवतो. गोष्ट असते, मिशन म्हणजे ठरवून दिलेली कामं असतात, पण ती नकाशावर खुणा होऊन थांबलेली असतात. आज नाही केली तर उद्या करता येतात.

साध्या ओपन-वर्ल्ड गेममध्ये तुम्ही रस्त्यानं जाता. गाडी शोधायची, वळणं घ्यायची, पुलावरून पलीकडे जायचं. सुपरपॉवर आली की रस्त्याचं बंधन सुटतं. भिंत वाट अडवत नाही, ती वर चढायचा मार्ग होते. दोन इमारतींमधली गल्ली ही उडी मारायची जागा होते. शहर तेच असतं, पण ते वाचायची पद्धत पार बदलते.

दादा, एवढं काय आहे त्यात? शेवटी मारामारीच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. मारामारी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण या गेम्सचं खरं आकर्षण मारामारी नाही, असं माझं ठाम मत आहे. इथे जाण्यात मजा असते. एरवी कुठल्याही गेममध्ये इथून तिथे जाणं हा मधला वेळ असतो, कधी एकदा पोचतो असं होतं. या गेम्समध्ये तो मधला वेळच मुख्य खेळ होतो.

याचा पुरावा रोज समोर दिसतो. २०१८ साली इन्सॉम्नियाक या अमेरिकन स्टुडिओनं पीएस ४ म्हणजे प्लेस्टेशन ४ या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी काढलेल्या स्पायडर-मॅनमध्ये भुयारी रेल्वेनं झटपट दुसऱ्या भागात जायची सोय आहे. बटण दाबलं की गाडीत बसलेला स्पायडर-मॅन दिसतो आणि थोड्या वेळात तुम्ही न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडची मुलं ती सोय जवळपास वापरतच नाहीत. पार्लरमध्ये मिनिटाचे पैसे मोजून बसलेली मुलं, पण पोचायला जास्त वेळ लागणारा मार्ग स्वतःहून निवडतात. कारण त्या वाटेसाठीच ती आलेली असतात.

माझा मुलगा मिशन करतच नाही, नुसता भटकतो. पैसे वाया जात नाहीत का?

नाही, ताई. तो गेम जसा खेळायला हवा तसाच खेळतोय.

या गेम्सची रचनाच अशी असते की भटकताना वाटेत काहीतरी दिसावं. २००७ साली एक्सबॉक्स ३६० या तशाच दुसऱ्या यंत्रावर आलेल्या क्रॅकडाउनमध्ये ही युक्ती अगदी स्वच्छ दिसते. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या रिअलटाइम वर्ल्ड्स कंपनीनं तो केला. त्यातल्या पॅसिफिक सिटीत छपरांवर, मनोऱ्यांवर, कठड्यांवर चपळाई वाढवणारे ५०० हिरवे चमकणारे गोळे ठेवले आहेत. एक गोळा घेतला की उडीची उंची किंचित वाढते. मग जे छप्पर मघाशी हाताला लागत नव्हतं ते लागतं, त्यावर उभं राहिलं की पुढचा गोळा दिसतो, आणि तो घ्यायचा तर आणखी एका छपरावर जावं लागतं. गोळ्याजवळ आलं की तो गुणगुणतो, म्हणजे दिसला नाही तरी कान तिकडे ओढले जातात. याशिवाय ३०० गोळे लपवलेले आहेत. गुंडांच्या तीन टोळ्या संपवायचं मुख्य काम बाजूला ठेवून हे गोळे गोळा करत बसणारे लोक जगभर आहेत. करणाऱ्यांनी तसं व्हावं म्हणूनच ते गोळे तिथे ठेवले.

तुमचा मुलगा छपराछपरावरून फिरत असेल तर त्याला विचारा की तू कुठे चाललायस. बहुतेक वेळा तो नेमकं सांगेल. त्याला एखादा उंच मनोरा दिसलेला असतो आणि त्यावर जायचं त्यानं स्वतः ठरवलेलं असतं. दुसऱ्यानं दिलेल्या कामापेक्षा स्वतः ठरवलेल्या कामात मूल किती गुंतून जातं, ते आम्ही रोज बघतो.

जाळ्यानं झुलण्यात एवढी मजा का येते? उडण्यात जास्त यायला हवी ना?

हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीनं विचारला होता आणि मला तो फार आवडला.

उडणं सोपं असतं. बटण दाबलं की हिरो सरळ जातो. मध्ये काही करावं लागत नाही, म्हणून थोड्या वेळानं कंटाळा येतो. झुलण्यात दर दोन-तीन सेकंदांनी एक निर्णय असतो: जाळं कधी टाकायचं, कधी सोडायचं. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर जो उभा राहिलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. झोका सगळ्यांत खाली आला की वेग सर्वांत जास्त असतो, आणि पुढच्या टोकाला गेला की क्षणभर अंग हलकं होतं. गेममध्येही तेच. तळाशी सोडलंत तर पुढे झेपावता, वर जाऊन सोडलंत तर उंची मिळते. चूक केली तर मरत नाही, फक्त लय तुटते. ती लय पुन्हा पकडायची ओढ लागते.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. सुरुवातीच्या स्पायडर-मॅन गेम्समध्ये जाळं आभाळालाच चिकटायचं. वर इमारत असो नसो, दोर टांगलेलाच. २००४ साली ट्रेयार्क या स्टुडिओच्या स्पायडर-मॅन २ मध्ये जाळं खऱ्याखुऱ्या इमारतीच्या कोपऱ्याला लागायला लागलं आणि अंगाचं वजन, वेग, दोराची लांबी यांचा हिशेब सुरू झाला. जेमी फ्रिस्ट्रम या तंत्रज्ञाच्या प्रयोगातून ती कल्पना पुढे आली. आता जाळं लावायला इमारत जवळ असावी लागते, म्हणून खेळणारा इमारतींकडे बघायला लागतो. कुठली उंच, कुठल्या गल्लीतून वळता येईल. शहर ही नुसती पार्श्वभूमी राहत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकारच्या गेम्समधला तो सर्वांत मोठा टप्पा आहे.

उडण्याचंही एक सुंदर उदाहरण आहे. २०१२ साली प्लेस्टेशन व्हिटा या हातातल्या यंत्रावर आलेला ग्रॅव्हिटी रश. त्यातली कॅट नावाची मुलगी उडत नाही, पडते. गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलायची आणि त्या दिशेला पडत जायचं. समोरची भिंत ही जमीन केली की ती भिंतीकडे कोसळते. पुढे तो पीएस ४ वरही आला. शांतपणे खेळणाऱ्यांना मी तो आवर्जून सुचवतो.

सगळ्या पॉवर पहिल्यापासून का देत नाहीत? आम्हाला एक तासच असतो.

तुमची अडचण खरी आहे, म्हणून पार्लरमध्ये आम्ही अर्ध्या वाटेपर्यंत खेळून साठवलेले गेम (सेव्ह) ठेवले आहेत, तिथून पुढे सुरू करता येतं. पण घरी खेळत असाल तर सुरुवातीपासूनच खेळा. पहिल्या दिवशी ज्या इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून मान वर केली, तिच्यावर काही दिवसांनी तीन उड्यांत पोचायचं, हे सुख मधूनच सुरू करणाऱ्याला मिळत नाही.

हिरो एवढा ताकदवान असेल तर हरायची भीतीच नाही. मग मजा कशी राहते?

इथेच चांगला आणि वाईट गेम वेगळे होतात.

सुपरमॅनचं बघा. त्याला गोळी लागत नाही, तो थकत नाही, तो कुठेही क्षणात जातो. अशा हिरोवर ओपन-वर्ल्ड गेम करणं फार अवघड. १९९९ साली निन्टेंडो ६४ वर आलेला सुपरमॅनचा गेम आजही वाईट गेम्सच्या यादीत घेतला जातो. त्यात त्याला आभाळातल्या रिंगांमधून उडत बसावं लागतं. २००६ च्या सुपरमॅन रिटर्न्स गेममध्ये मात्र एक हुशार विचार होता. किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी सुपरमॅनला नाही, ती मेट्रोपोलिस शहराला आहे. शहराचं नुकसान झालं की पट्टी घटते. गेम पुरता जमला नाही, पण तो विचार मला आजही पटतो. तुम्हाला काही होत नसेल, तर ज्याची काळजी आहे त्याला धोका हवा.

२००५ च्या हल्क : अल्टिमेट डिस्ट्रक्शननं दुसरी वाट धरली. व्हँकुव्हरच्या रॅडिकल एंटरटेनमेंटनं हल्कची ताकद कमी केली नाही, शहरालाच त्याचं सामान बनवलं. मोटार हाती आली की दोन तुकडे करून मुठींवर लोखंडी हातमोजे चढवायचे. बस सापडली की ती चेपून पायाखाली घ्यायची आणि रस्त्यावरून घसरत जायचं. याच स्टुडिओनं २००९ साली प्रोटोटाइप काढला. भिंतीवर उभं पळणं, उंचावरून तरंगत जाणं, हे सगळं त्यात आणखी वेगवान झालं.

उलटं उदाहरण २०१३ च्या सेंट्स रो ४ चं. त्यात गाड्या आहेत, गाड्या सजवायची गॅरेजं आहेत, आणि सुरुवातीलाच तुम्हाला गाडीपेक्षा जोरात पळायची आणि इमारतीएवढी उंच उडी मारायची ताकद मिळते. मग गाडीत कोण बसेल? पळण्याची मजा आहे, पण बाकीचं अर्धं शहर निरुपयोगी होऊन बसतं.

वीज अंगात असलेल्या हिरोचा तो गेम कुठला? त्यात हिरोच मध्येच कमजोर का होतो?

इन्फेमस. मे २००९, पीएस ३, सकर पंच हा स्टुडिओ. या सगळ्या यादीतला माझा सर्वांत आवडता, म्हणून थोडं जास्त लिहितो.

कोल मॅकग्रा हा सायकलवरून पार्सलं पोचवणारा माणूस. एका स्फोटानंतर त्याच्या अंगात वीज येते. पण ती वीज त्याला शहराकडूनच घ्यावी लागते: रस्त्यावरचे दिवे, ट्रान्सफॉर्मर, उभ्या गाड्या. अंगातली वीज संपली किंवा जखमी झाला की असं काहीतरी शोधायचं, हात पुढे करायचा आणि ओढून घ्यायची. त्याला बंदूक चालवता येत नाही, गाडीत बसता येत नाही, आणि खोल पाण्यात पडला की तो मरतो. विजेच्या तारांवरून आणि रेल्वेच्या रुळांवरून मात्र तो सर्रकन घसरत जातो.

आता खरी गंमत. एम्पायर सिटीच्या ज्या भागात वीज गेलेली असते तिथे कोल अगतिक असतो. दिवे बंद, ओढून घ्यायला काही नाही, आणि चारी बाजूंनी शत्रू. मग भुयारात उतरून त्या भागाचा वीजपुरवठा सुरू करावा लागतो. वर आल्यावर दिवे लागलेले असतात, आणि तोच रस्ता आता तुमचा असतो. ज्यानं लोडशेडिंगचे दिवस काढलेत त्याला हा भाग कुणी समजावून सांगावा लागत नाही. आपल्या जिल्ह्यात कोयनेचं धरण, त्यावर १,९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प, आणि आपल्याच गावात तासन्‌तास अंधार. ते बघत मोठी झालेली आमची पिढी. दिवे आले की गल्लीत जो एकच आरडाओरडा व्हायचा, तो मला या गेममध्ये ऐकू येतो.

हिरोची ताकद आणि शहराचं जगणं एकाच तारेनं जोडलेलं आहे. सुपरपॉवरच्या गेमनं याहून जास्त काही करायची गरज नाही. २०१४ च्या इन्फेमस सेकंड सनमध्ये सिॲटल शहर आहे आणि डेल्सिन नावाचा हिरो धूर, निऑन अशा ताकदी शोषून घेतो. निऑनची पाटी दिसली की थांबायचं, धूर होऊन हवेच्या झरोक्यातून शिरायचं आणि थेट छपरावर निघायचं. तो दिसायला फार देखणा आहे. तरी पहिल्यातला तो अंधार त्यात नाही.

गेममध्ये 'वाईट' व्हायचा पर्याय असतो. मुलांवर त्याचा परिणाम होईल का?

इन्फेमसमध्ये हा पर्याय आहे. लोकांना मदत केली तर कोलची वीज निळी राहते, लोक टाळ्या देतात, फोटो काढतात. स्वार्थी वागला तर वीज लाल होते आणि लोक त्याला दगड मारायला लागतात. परिणाम लगेच डोळ्यांसमोर दिसतो. निवड मात्र बहुतेक वेळा फार ढोबळ असते, एकतर संत नाहीतर राक्षस. खऱ्या आयुष्यातलं अवघड कोडं त्यात नसतं.

आमच्याकडे मी बघितलंय की बरीच मुलं आधी चांगलं होऊन खेळतात आणि दुसऱ्यांदा मुद्दाम वाईट होऊन बघतात, काय होतं म्हणून. मला त्यात धोका वाटत नाही. पण मूल लहान असेल तर शेजारी बसा आणि 'हे का केलंस?' एवढं विचारा. त्यावर जो संवाद होतो तो घरात एरवी होत नाही.

कुठल्या वयाला कुठला गेम? रक्तपात असतो का?

असतो, आणि सगळे गेम सारखे नाहीत. खोक्यावर वयाचा शिक्का असतो, तो आधी बघा. स्पायडर-मॅन आणि इन्फेमस यांना अमेरिकेत १३ वर्षांपुढचा शिक्का आहे, युरोपात १६. प्रोटोटाइप आणि सेंट्स रो ४ यांना अमेरिकेत १७ आणि युरोपात १८. प्रोटोटाइपमध्ये हिरो माणसांना अक्षरशः गिळून त्यांचं रूप आणि आठवणी घेतो. कल्पना जबरदस्त, पण दृश्यं अंगावर येणारी. आमच्या पार्लरमध्ये तो शाळेतल्या मुलांना लावत नाही. मुलांनी कितीही विनवण्या केल्या तरी नाही, आणि यात पालकांनी आम्हाला साथ द्यावी.

मुलगा मोबाइलवर बीजीएमआय नाहीतर फ्री फायर मॅक्स खेळतो. त्याला हे आवडेल?

लगेच आवडेलच असं नाही. त्या नेमबाजीच्या ऑनलाइन गेम्समध्ये समोर खरी माणसं असतात, जिंकण्याची झिंग असते, मित्र बोलत असतात. इथे एकटेपण आहे. पण ज्या मुलांना हरल्यावर चिडचिड होते त्यांना हे गेम मानवतात, कारण इथे कुणी हरवत नाही आणि मध्येच थांबवून जेवायला उठता येतं. आईच्या दृष्टीनं ही दुसरी सोय मोठी.

सातारा शहरावर असा गेम निघाला तर?

मुलं हा विषय काढतात तेव्हा मीही सगळं सोडून बसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. स्पायडर-मॅन इथे चालणार नाही. मॅनहॅटनला उंच इमारतींच्या भिंती समोरासमोर आहेत म्हणून तो झुलतो. त्याच गेममध्ये सेंट्रल पार्कात गेलं की झाडांचा आधार घ्यावा लागतो आणि लय मंदावते. आपल्या शनिवार पेठेत, मंगळवार तळ्याच्या बाजूला दोन-तीन मजली घरं. जाळं टाकून पाय जमिनीला घासतील. ताकद गावाच्या बांधणीला साजेशी हवी.

साताऱ्याला शोभणारी ताकद म्हणजे तरंगणं. शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आणि पायथ्याशी वसलंय. किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की चार भिंतीचं स्मारक, राजवाडा, पोवई नाका, सगळं एका नजरेत येतं. ओपन-वर्ल्ड गेममध्ये उंच मनोऱ्यावर चढून आजूबाजूचा नकाशा उघडायची पद्धत आहे. आपल्याला मनोरा बांधायची गरजच नाही. तटावरून झेप घ्यायची, पेठांच्या कौलांवरून घसरत वेग घ्यायचा, वाऱ्याचा झोत मिळाला की पुन्हा वर. याच जिल्ह्यात पाचगणीला लोक खरोखर पॅराग्लायडिंग करतात, त्यामुळे हवेच्या प्रवाहांचा अभ्यास करायला करणाऱ्यांना लांब जावं लागणार नाही. यवतेश्वरचा घाट चढायला वाऱ्याची मदत, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या पात्यांजवळून जाताना जादा ताकद.

पावसाळ्यात धुकं. जुन्या गेम्समध्ये यंत्राला लांबचं दृश्य काढायला जमायचं नाही म्हणून धुक्याचा पडदा टाकत. सुपरमॅनच्या त्या १९९९ च्या गेममध्येही असंच धुकं होतं आणि त्याला गोष्टीत क्रिप्टोनाइटचं, म्हणजे सुपरमॅनला कमजोर करणाऱ्या पदार्थाचं, निमित्त दिलं होतं. आपल्याकडे निमित्त शोधावं लागणार नाही. जुलैतला यवतेश्वर आहे तसा दाखवायचा.

आणि कासच्या पठारावर मी सगळ्या ताकदी बंद करेन. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि फुलांच्या दिवसांत तिथे रोज किती माणसं सोडायची यावर मर्यादा असते. गेममध्येही तिथे फक्त चालायचं, पायवाट सोडायची नाही. जो हिरो डोंगर ओलांडतो त्यानं तिथे पाय जपून टाकायचा. ही अट लावली तर तो गेम आपला वाटेल. बाहेरच्या स्टुडिओला ही अट सुचणार नाही.

मराठी किंवा भारतीय गेम आहे का असा?

ओपन-वर्ल्ड आणि सुपरपॉवर दोन्ही असलेला, नाव घ्यावं असा आपल्याकडचा गेम माझ्या कपाटात तरी नाही. पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली राजी : ॲन एन्शंट एपिक काढला. राजी ही मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते आणि देवांकडून मिळालेल्या शस्त्रांनी राक्षसांशी लढते. वाट ठरलेली आहे, शहर मोकळं नाही, गेम छोटा आहे. पण खांबांवरून उड्या मारत वर चढताना दिसणारे महाल आणि सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट बघितली की पुण्यात हे झालं याचा अभिमान वाटतो. साताऱ्याहून पुणं काही लांब नाही. ज्यांना गेम करायला शिकायचंय त्या मुलांना मी हे नेहमी सांगतो.

पश्चिम घाट मात्र एका मोठ्या गेममध्ये आहे. २०१७ च्या अनचार्टेड : द लॉस्ट लेगसीमध्ये एक मोठं मोकळं प्रकरण याच नावाचं आहे. जीपमधून फिरायचं, होयसळ काळातल्या अवशेषांचा माग काढायचा. तो कर्नाटकाकडचा घाट आणि सुपरपॉवर काही नाही, तरी लाल माती आणि हिरव्या कड्यांत गाडी घातली की टीव्हीसमोर बसलेली सगळी मुलं गप्प होतात.

झुलताना चक्कर येते, मळमळतं. काय करू?

डोळ्यांना हालचाल दिसते आणि शरीर जागेवर असतं, म्हणून असं होतं. सेटिंगमध्ये जाऊन मोशन ब्लर (वेगात दृश्य पुसट दिसणं) आणि कॅमेऱ्याचं हादरणं बंद करा, टीव्हीपासून मागे सरका, खोलीत दिवा चालू ठेवा. पोट रिकामं नको. तरी त्रास झाला तर थांबा, त्यावर मात करायच्या मागे लागू नका.

घरच्या कॉम्प्युटरवर चालेल का? दुकानदार महाग कार्ड घ्यायला सांगतोय.

कुठला गेम खेळायचाय ते आधी ठरवा, मग दुकानात जा. स्पायडर-मॅनचा २०१८ चा गेम ऑगस्ट २०२२ मध्ये पीसीवर आला. त्याला कमीत कमी ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९५० चं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र काढणारा भाग) लागतं. चांगला चालायला १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६०. जागा ७५ जीबी. म्हणजे जुनं, वापरलेलं कार्डही पुरू शकतं. प्रोटोटाइप तर त्याहून साध्या यंत्रावर चालतो. इन्फेमसची मालिका पीसीवर नाही, त्यासाठी प्लेस्टेशनच हवं.

पैसे घालायचेच असतील तर आधी एसएसडीत, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये घाला. या गेम्समध्ये हिरो एवढ्या वेगानं जातो की पुढची गल्ली डिस्कवरून तेवढ्याच वेगानं वाचून आणावी लागते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला हे जड जातं. पीएस ४ च्या स्पायडर-मॅनमध्ये टपालपेटीसारखी साधी वस्तूसुद्धा डिस्कवर शेकडो ठिकाणी पुन्हा पुन्हा साठवली होती, डिस्कच्या सुईला शोधत लांब जावं लागू नये म्हणून.

गेम चालू असताना लाइट गेली तर?

बहुतेक गेम स्वतःहून सेव्ह करत राहतात, त्यामुळे शेवटची काही मिनिटं जातात, बाकी काही नाही. धोका असतो तो कोपऱ्यात सेव्हची खूण फिरत असताना किंवा अपडेट चालू असताना लाइट गेली तर. घरी यूपीएस लावा. निदान वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा.

माझं वय पन्नाशीच्या पुढे आहे, कंट्रोलर कधी धरला नाही. मला जमेल का?

काकू, जमेल. तुमच्या वयाची माणसं आमच्याकडे खेळलीत.

स्पायडर-मॅन लावून द्यायला सांगा आणि काठिण्य 'फ्रेंडली'वर ठेवायला सांगा. कोडी नको असतील तर ती वगळायची सोय सेटिंगमध्ये आहे, आणि बटण भराभर दाबायच्या ऐवजी नुसतं धरून ठेवायचीही. पीएस ५ वरच्या २०२३ च्या दुसऱ्या भागात झुलताना वळायला गेम किती मदत करणार ते कमी-जास्त करता येतं आणि सगळा खेळ हळूसुद्धा करता येतो. हे पर्याय मुलांनी 'चीटिंग' म्हटलं तरी बिनधास्त वापरा. करणाऱ्यांनी ते तुमच्यासाठीच दिलेत.

सुरुवातीचं मारामारीचं मिशन तुमच्या मुलाला नाहीतर नातवाला खेळू द्या. शहर मोकळं झालं की कंट्रोलर हातात घ्या. उजव्या हाताच्या तर्जनीखालचं आर २ हे बटण दाबून धरलं की जाळं लागतं, सोडलं की सुटतं. डाव्या अंगठ्याची काडी पुढे ढकललेली ठेवायची. खाली पडलात तर काही होत नाही, तो दोन पायांवर उभा राहतो. नकाशावरच्या खुणांकडे लक्ष देऊ नका. लांब एक उंच इमारत निवडा आणि तिकडे निघा. दुपारी दोन ते चार आमच्याकडे गर्दी नसते, तेव्हा आलात तर कोपऱ्यातला टीव्ही मोकळा मिळेल.